वाचकांचे प्रश्न : बुद्धिबळाच्या निराळ्या प्रकारांची ऑनलाइन स्पर्धा

क्रेझीहाउस, ॲटॉमिक, अँटीचेस, हॉर्ड, फिशर रँडम अशा प्रकारांच्या स्पर्धा भरवणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न गेल्या काही अंकांपासून साठले होते. त्यांतले निवडक येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाचे २४ खेळाडू आहेत. नेहमीच्या ब्लिट्झचा, म्हणजे झटपट बुद्धिबळाचा सराव सगळ्यांना आहे, पण निराळा प्रकार बहुतेकांनी एकदोनदाच खेळलेला. पहिल्या स्पर्धेसाठी कोणता प्रकार घ्यावा आणि पद्धत कोणती ठेवावी?

पहिल्या वेळी एकच प्रकार घ्या, आणि तोही असा की हरलेल्याला आपण का हरलो ते कळेल. किंग ऑफ द हिल आणि थ्री-चेक या दृष्टीने उत्तम. सोंगट्यांच्या चाली नेहमीच्याच राहतात, फक्त जिंकण्याची एक जादा वाट मिळते : पहिल्यात राजा डी४, ई४, डी५ किंवा ई५ या घरात नेणे, दुसऱ्यात तीन वेळा शह देणे. क्रेझीहाउस सर्वांत रंगतदार, पण मारलेली सोंगटी आपल्या रंगाने पुन्हा पटावर उतरवण्याची सवय व्हायला दहावीस डाव जातात. ॲटॉमिकने सुरुवात मुळीच करू नका. तिथे मारामारी झाली की स्फोट होऊन आजूबाजूच्या आठ घरांतल्या प्यादी सोडून सगळ्या सोंगट्या उडतात. पांढऱ्याने घोडा एफ३ वर काढला, मग जी५ किंवा ई५ वर नेला आणि काळ्याचे लक्ष नसेल, तर तोच घोडा एफ७ चे प्यादे मारतो आणि शेजारच्या ई८ वरचा राजा तिसऱ्या खेळीत उडतो. नवख्याचे सहाच्या सहा डाव असे संपले, तर तो पुढच्या स्पर्धेला येणार नाही.

पद्धत स्विस ठेवा, म्हणजे कोणी बाद होत नाही आणि दर फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लागतात. २४ जणांत पूर्ण गुण मिळवणारा एकाहून अधिक उरू नये यासाठी पाच फेऱ्या पुरतात, तरी आमचा आग्रह सहा फेऱ्यांचा आहे. पाच फेऱ्यांत कोणाला पांढरे तीनदा आणि काळे दोनदा मिळणार, कोणाला उलटे. नेहमीच्या बुद्धिबळात तेवढे चालून जाते. थ्री-चेकमध्ये आणि ॲटॉमिकमध्ये पहिली खेळी फार मोलाची असल्याने चालत नाही. या प्रकारांत फेऱ्यांची संख्या सम असावी.

वेळेचा हिशोब असा. डावाची वेळ ५+३ (प्रत्येकाला पाच मिनिटे, शिवाय दर खेळीला तीन सेकंदांची वाढ) धरली आणि डाव ६० खेळ्या चालला, तर प्रत्येकाकडे ५ मिनिटे आणि वाढीची ३ मिनिटे, म्हणजे दोघांची मिळून १६ मिनिटे. दोन मिनिटांची उसंत धरून फेरीला १८. सहा फेऱ्यांना १०८ मिनिटे, आणि सुरुवातीची हजेरी १५ मिनिटांची. जाहिरातीत सव्वादोन तास लिहा. ‘साधारण दीड तास’ लिहिले की शेवटच्या दोन फेऱ्यांना माणसे गळतात आणि जोड्या विस्कटतात.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्विस स्पर्धा संघाच्या नावानेच उघडता येते, म्हणून आधी संघ काढून सगळ्यांना त्यात घ्या. हे आदल्या दिवशी उरका. सभासदत्वाच्या विनंत्या ऐन वेळी मंजूर करत बसलात तर पहिली फेरी निम्म्याच खेळाडूंनिशी सुरू होते.

प्रश्न : स्विसऐवजी अरिना का नको? ती सोपी वाटते.

गंमत म्हणून जरूर घ्या. तिथे ठरावीक वेळात जमतील तेवढे डाव खेळायचे असतात, कोण केव्हाही येतो-जातो, पंचाला काम जवळपास नसते. पण अरिनात जास्त डाव उरकणाऱ्याला फायदा होतो, आणि प्रकारांची लांबी सारखी नसल्याने निकाल वेगावर झुकतो. आणखी एक बारकावा आहे. लिचेसच्या अरिनात बर्सर्क करून म्हणजे आपले घड्याळ निम्मे करून जिंकले, तर जादा गुण मिळतो, पण त्या खेळाडूने निदान सात खेळ्या केलेल्या असाव्या लागतात. ॲटॉमिकचे कितीतरी डाव त्याआधीच संपतात. मग ‘माझा गुण कुठे गेला’ म्हणून विचारणा सुरू होते. हे आधी सांगून ठेवा.

प्रश्न : अँटीचेसच्या स्पर्धेत एकाला खेळीच उरली नाही. तो म्हणाला मी जिंकलो, समोरचा म्हणाला ज्याच्या सोंगट्या कमी तो जिंकला. दोघांनीही नियम दाखवले. बरोबर कोण?

अँटीचेसमध्ये आपल्या सगळ्या सोंगट्या संपवणारा जिंकतो; खेळीच उरली नाही तर काय, यावर दोघांनी दाखवलेले नियम खरे आहेत, आणि अडचण तीच आहे. ज्याला खेळी उरली नाही तो जिंकला, असा एक प्रचलित नियम. लिचेस तोच पाळते. फिक्स या जुन्या सर्व्हरवर ज्याच्या सोंगट्या कमी तो विजयी. तुमच्या स्पर्धेपुरते उत्तर एकच : ज्या सर्व्हरवर खेळलात त्याने दिलेला निकाल. पण हे वाक्य स्पर्धेपूर्वी लिहिलेले हवे होते.

निराळ्या प्रकारांच्या स्पर्धा सॉफ्टवेअरमुळे क्वचितच मोडतात. त्या मोडतात ते प्रत्येकाच्या डोक्यात नियमांचा वेगळा पाठ असतो म्हणून. एका पानाचे नियमपत्रक काढा. त्यावर प्रकाराची ओळख दोन ओळींत आणि बाकी सगळी जागा काठावरच्या स्थितींना द्या. कोणत्या प्रकारात कशावरून भांडण होते ते सांगतो.

क्रेझीहाउस : प्यादे पहिल्या आणि आठव्या ओळीत उतरवता येत नाही. बढती मिळून वजीर झालेले प्यादे मारले गेले, तर मारणाऱ्याच्या हाती प्यादेच येते, वजीर नाही. प्यादे उतरवून थेट मात देणे चालते. शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळणाऱ्यांना हे खटकते, कारण तिथे त्यास मनाई आहे.

थ्री-चेक : दुहेरी शह एकच मोजावा, हे लिहाच.

वेळ संपल्यावर काय, यावरून सर्वांत जास्त कटुता येते. नेहमीच्या खेळात समोरच्याकडे नुसता राजा असेल आणि तुमची वेळ संपली, तर डाव बरोबरीत सुटतो. किंग ऑफ द हिलमध्ये एकटा राजाही मधल्या घरात जाऊन जिंकू शकतो, म्हणून तिथे वेळ संपणारा हरतो. थ्री-चेकमध्ये दोन शह देऊन झाले असतील, तर एकटा घोडा तिसरा देऊ शकतो. क्रेझीहाउसमध्ये मारलेल्या सोंगट्या हातात येतात, खेळाबाहेर जात नाहीत, त्यामुळे ‘मात देण्याइतके बळ नाही’ ही स्थितीच उद्भवत नाही. नेहमीच्या नियमांवर पोसलेल्या खेळाडूला हा अन्याय वाटतो, म्हणून पत्रकात ही ओळ ठळक टाका.

हॉर्ड : पांढऱ्याकडे फक्त ३६ प्यादी. पहिल्या ओळीतली प्यादीही दोन घरे जाऊ शकतात. काळ्याला जिंकायला बढती मिळालेल्या सोंगट्यांसह सगळे सैन्य मारावे लागते.

रेसिंग किंग्ज : इथे आपला राजा आधी आठव्या ओळीत पोचवायचा असतो, शह द्यायचाच नसतो. पांढऱ्याचा राजा आठव्या ओळीत आधी पोचला आणि काळा लगेच पुढच्या खेळीत पोचू शकला, तर बरोबरी.

प्रश्न : हॉर्डमध्ये दोन्ही बाजूंचे सैन्यच वेगळे. मग न्याय कसा साधायचा?

प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोन डाव, रंग बदलून. याला दुसरा पर्याय नाही. स्विसमध्ये बसवणे अवघड जाते, म्हणून गट पाडा. २४ जणांचे चार-चारचे सहा गट. गटात प्रत्येकाचे तिघांशी दोन-दोन, म्हणजे सहा डाव, गटाचे एकूण १२. सहा गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम दोन असे आठ जण बाद फेरीत. तिथेही दोन-दोन डाव. हॉर्डचे डाव लांबतात, त्यामुळे गटसाखळी एका दिवशी आणि बाद फेरी दुसऱ्या दिवशी ठेवा.

बरोबरी फोडायला अर्मागेडन लावायचा मोह आवरा. त्यात पांढऱ्याला वेळ जास्त आणि काळ्याला बरोबरी झाली तरी विजय, असा सौदा असतो. तो नेहमीच्या खेळासाठी बेतलेला आहे, जिथे बरोबऱ्या भरपूर होतात. क्रेझीहाउस किंवा ॲटॉमिकमध्ये बरोबरी विरळा, तेव्हा काळ्याला मिळालेल्या सवलतीला जवळपास किंमत उरत नाही आणि त्याची वेळ मात्र गेलेली असते. त्यापेक्षा कमी वेळेचे आणखी दोन डाव घ्या, रंग बदलून. तरीही सुटले नाही तर बोली लावा : पांढरे मिळण्यासाठी स्वतःची किती वेळ सोडाल ते दोघांनी पंचाला गुप्तपणे कळवायचे. जास्त सोडेल त्याला पांढरे.

प्रश्न : फिशर रँडममध्ये प्रत्येक पटावर वेगळी मांडणी येते. सगळ्यांना एकच द्यावी का?

शक्य असेल तर हो. पहिल्या ओळीच्या एकूण ९६० मांडण्या आहेत : उंट विरुद्ध रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढ्या दोन अटी. काही मांडण्यांत पांढऱ्याला पहिल्याच खेळीत प्यादे धमकावता येते, काहींत काळा सहज सावरतो. सगळ्यांना एकच मांडणी असली की निदान तक्रार सगळ्यांची सारखी राहते. त्याहून चांगले म्हणजे एकाच मांडणीवर रंग बदलून दोन डाव. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) मान्यतेची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात वेस्ली सोने मॅग्नस कार्लसनला हरवले, तिथेही प्रत्येक मांडणी दोन्ही रंगांनी खेळली गेली.

मांडण्यांना ० ते ९५९ असे क्रमांक असतात. ५१८ म्हणजे आपली नेहमीची मांडणी. ती वगळायची का ते आधी ठरवा. क्रमांक सगळ्यांसमोर सोडत काढून, डावाच्या दहा मिनिटे आधी जाहीर करा आणि सगळे पट एकाच वेळी सुरू करा. एक पट उशिरा सुरू झाला, तर त्या जोडीला दुसऱ्यांचे डाव बघून शिकता येते. स्वतः मांडणी भरून डाव उघडणार असाल, तर आदल्या दिवशी एक डाव करून किल्लेकोट होतो का ते पाहा. मांडणी भरताना किल्लेकोटाचे हक्क नोंदवायचे राहिले, तर सर्व्हर तो करूच देत नाही, आणि हे बहुधा आठव्या-दहाव्या खेळीला उघड होते.

नवख्यांना किल्लेकोटाची रीतही दाखवा. राजा-हत्ती सुरुवातीला कुठेही असोत, शेवटी ते नेहमीच्याच घरांत येतात : राजा जी किंवा सी पट्टीत, हत्ती एफ किंवा डी पट्टीत. राजा एफ१ वर असताना तो जी१ वर ओढला, तर ती नुसती राजाची खेळी धरली जाते आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा जातो. राजा उचलून आपल्याच हत्तीवर ठेवायचा.

प्रश्न : नेट गेल्यामुळे हरलेला खेळाडू डाव पुन्हा मागतो. द्यावा का?

एकट्याचे नेट गेले तर नाही. सर्व्हरच बंद पडला, तर त्या फेरीतले अपुरे डाव सगळ्यांचे पुन्हा. मधली स्थिती ठेवू नका. डाव पुन्हा मागणाऱ्याचा हेतू तपासायला पंचाकडे साधन नसते.

न आलेल्याचे काय होते तेही खेळाडूंना सांगा. लिचेसच्या स्विसमध्ये त्याचे घड्याळ चालत राहते, तो हरतो आणि स्पर्धेतून आपोआप बाहेर काढला जातो. परत यायचे तर त्याने स्वतः पुन्हा सामील व्हावे लागते.

प्रश्न : रेटिंगवरून मानांकन लावले आणि सगळे चुकले. का?

निराळ्या प्रकारांत बहुतेकांचे डाव थोडे असतात. लिचेसवर नव्याचे रेटिंग १५०० पासून सुरू होते, आणि ते अजून भरवशाचे नसेल तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसते. ब्लिट्झमध्ये अव्वल असलेला खेळाडूही ॲटॉमिकमध्ये १५०० आणि प्रश्नचिन्ह असा दिसेल. आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असणाऱ्यांना मानांकन देऊ नका, त्यांची जागा सोडतीने ठरवा. ‘१६०० च्या आतले’ असा गट ठेवणार असाल, तर त्या प्रकारात रेटिंगसाठी धरलेले किमान किती डाव हवेत ही अटही जोडा.

प्रश्न : या प्रकारांना इंजिन (खेळी सुचवणारी संगणक-प्रणाली) आहेत का? फसवणूक कशी रोखायची?

आहेत. फेअरी-स्टॉकफिश हे मुक्त इंजिन यातले जवळजवळ सगळे प्रकार खेळते. शिवाय अँटीचेसमध्ये पांढऱ्याने ई३ ने सुरुवात केली की त्याचा विजय २०१६ मध्ये संगणकाने सिद्ध झालेला आहे. तो मार्ग पाठ करून येणे फसवणूक नव्हे, हे इतरांना समजावून सांगा.

३+२ च्या डावात दर खेळीला इंजिनकडे बघणे कठीण जाते, म्हणून बक्षीस असेल तर वेळ कमी ठेवा आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत पहिल्या चार पटांना कॅमेरा सक्तीचा करा. संशय आला तर सर्व्हरच्या व्यवस्थापनाला कळवा, बक्षीस निकालापर्यंत रोखून धरा. सगळ्यांसमोर नाव घेऊ नका. खेळाडू निर्दोष निघाला, तरी ते नाव पुसले जात नाही.

प्रश्न : एकाच स्पर्धेत चार प्रकार घेऊन एक विजेता काढायचा आहे. कसे जमवावे?

सर्व्हरची स्विस स्पर्धा एकाच प्रकाराची असते, तेव्हा जोड्या बाहेर लावाव्या लागतात. स्विस-मॅनेजरसारखे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतात. फेरीचा प्रकार आधी जाहीर करा आणि फेरीत दोन डाव ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रकाराला सारखेच वजन मिळेल. चार प्रकार, चार फेऱ्या, प्रत्येकाचे आठ डाव. २४ जणांचे १२ पट होतात. प्रत्येक पटाचा दुवा पंचाने उघडून द्यायचा, आणि दर सहा पटांमागे एक मदतनीस हवा. निकाल जिंकलेल्याने डावाच्या दुव्यासह एका सामाईक तक्त्यात टाकायचा, बरोबरी झाल्यास पांढऱ्याने. दुवा नसेल तर निकाल धरू नका, कारण पुढची जोडी त्यावर लागते आणि चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही.

क्रम लावताना किंग ऑफ द हिल पहिला घ्या, म्हणजे सगळ्यांना हजेरीची आणि दुव्यांची सवय होते. हॉर्ड किंवा दुसरा लांबणारा प्रकार मधल्या सुटीच्या आधी ठेवा. उशीर झालाच तर तो सुटीत जिरतो. शेवटी क्रेझीहाउस.