झीरो स्टेप तिकडे नाही

प्रिय पोरी,

तुझा नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तुझी अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची मॅचही पाहिली होती. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच. चहा गॅसवर ठेवून मोबाइल घेऊन बसलो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तुझ्यावर तिसऱ्यांदा ट्रॅव्हलची, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याची, शिट्टी वाजली, तोवर चहा उतू गेला होता.

रेफ्रीने तुझ्यावर डूख धरलाय, असं तुझं म्हणणं. धरलाही असेल. पण ते तिन्ही प्रसंग मी थांबवून थांबवून पाहिले, आणि तिन्ही एकसारखेच आहेत. विंगवर पळत पास घेतेस. बॉल हातात येतो तेव्हा उजवा पाय टेकलेला असतो. मग डावा पडतो, उजवा सुटतो, आणि त्यानंतर तू ड्रिबल टाकतेस. आपल्याकडे हे चालतं. 2017 पासून फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात बॉल हातात येताना टेकलेला पाय मोजत नाहीत. तीच ती झीरो स्टेप, जी मीच तुझ्याकडून घोटून घेतली. तिकडच्या कॉलेजच्या नियमांत ही सवलत नाही. तो उजवा पाय तुझा पिव्हट, म्हणजे जागेवर रोवलेला पाय, आणि तो उचलण्याआधी ड्रिबलसाठी बॉल हातातून सुटायला हवा. म्हणजे निम्मी चूक माझी. निघताना लोणच्याची बरणी नीट बांधलीस का हेसुद्धा विचारलं, पण हे सांगायचं राहिलं.

समोरच्या गार्डवर शिट्टी वाजली नाही, हे तुझं म्हणणं मात्र बरोबर आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती तीन पॉइंटसाठी मागे सरकली तेव्हा चक्क एक पाऊल जास्त घेतलं. कोणी बघितलं नाही, कारण त्या क्षणी रेफ्रीची नजर डिफेंडरच्या हातावर असते. तिघे असले तरी प्रत्येकाला आपापला तुकडा, आणि पाय व हात एकाच वेळी दिसत नाहीत. आणि ट्रॅव्हल मॉनिटरवर तपासताही येत नाही.

मी जिल्हा पातळीवर बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे. एकदा एका मुलीने पोस्टमध्ये, बास्केटजवळ, असा काही स्पिन घेतला की मी ट्रॅव्हल देऊन टाकली. मुठी गोल फिरवता फिरवताच कळलं, तिचा पिव्हट जागचा हलला नव्हता. हलली होती फक्त माझी सवय. जरा वेगळं दिसलं की शिट्टी तोंडात जाते. निर्णय मागे घेतला नाही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बॉल माझ्या हातात दिला.

तू काल बॉल हातात दिला नाहीस. टाकलास, वर दोन्ही हात पसरलेस. 2023 च्या तिकडच्या कॉलेज फायनलमध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने बॉल रेफ्रीकडे न देता मागे भिरकावला, टेक्निकल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाउल, बसला, आणि तो तिचा चौथा फाउल ठरला. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही सूट मिळाली नाही. तिकडे हुज्जत घालायला हेड कोच असतो, त्याचे पैसे त्याला मिळतात. तुला विचारायचंच असेल तर बॉल डेड असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, हळू आवाजात, एकदाच: ‘सर, कोणता पाय?’ बहुतेक जण सांगतात. एकजण तरी पुढच्या वेळी तुझ्या पायाकडे नीट बघेल.

आता काम. पास घेताना हवेत राहा आणि दोन्ही पाय एकदम टेकव, जंप स्टॉप, आपण बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो तो. मग पिव्हट कोणताही घे, आणि पहिला ड्रिबल पाय उचलण्याआधी. रोज पन्नास उजवीकडून, पन्नास डावीकडून. कंटाळा येईल, येऊ दे. आठवडाभर थोडी संथ वाटशील, कोच ओरडेल.

आणि मैत्रिणीला सांगून व्हिडिओ काढ. मोबाइल जमिनीवर ठेवायचा, कंबरेच्या वरचं काही नको. मला तुझा चेहरा बघायचा नाहीये, तो कालच्या मॅचमध्ये पुरेसा पाहिला.

शनिवारची मॅच दुपारी एकची ना? इथे रात्रीचे साडेअकरा. मी जागा आहे.

तुझे,
सर