स्कोअर नंतर, आधी रिपोर्ट वाचा

क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा आकडा) किती, हे विचारण्याआधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद, उघडून वाचा. क्रेडिट ब्युरो स्वतः कर्ज देत नाही आणि नाकारतही नाही. बँका, कार्ड कंपन्या जे कळवतात ते तो नोंदवून ठेवतो. इक्विफॅक्स (ही 1899 पासूनची), एक्स्पिरियन, ट्रान्सयुनियन या ब्युरोंची नावं अनेक देशांत दिसतील. बऱ्याच देशांत प्रत्येक बँक सगळ्याच ब्युरोंना कळवते असं नाही. म्हणून एक रिपोर्ट स्वच्छ असला तरी दुसऱ्यात घोळ निघू शकतो. सगळे मागवा. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घसरत नाही. ही भीती कुठून पसरली देव जाणे! घसरू शकतो तो कर्जासाठी धडाधड अर्ज टाकल्यावर.

आधी नाव, जन्मतारीख, पत्ते तपासा. मग एकेक खातं. माझं एक कर्ज फेडून वर्ष झालं तरी थकीत दिसत होतं. फेडल्याचं पत्र जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं. न उघडलेलं खातं दिसलं, तर ती नजरचूकही असेल किंवा तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलं असेल. वाट बघू नका. ब्युरो आणि ती बँक, दोघांकडे लेखी तक्रार करा. पोच घ्यायला विसरू नका.