नातीचा बर्फ आणि तुमचा बेदाणा

सांगलीच्या गावभागातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. नात नववीत आहे आणि सहा वर्षं रोलर स्केटिंग करते. मोबाइलवर तिनं समुद्रात चाललेल्या जहाजावर बर्फावरचा शो पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आजी, आजोबा, सूनबाई आणि नात अशा चौघांनी सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ आणि शहरात दोन रात्री, असा बेत आहे. टूरवाल्याचं कोटेशन 5 लाख 20 हजारांचं. सर विचारतात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं 5 लाखांचं एक खातं मोडू, की टूरवाला म्हणतो तसं हप्त्यावर जाऊ?

सर, हे दोन्ही नको. पण त्याआधी तुम्ही पाठवलेल्या कोटेशनबद्दल बोलू, कारण मला तिथंच थांबावं लागलं.

त्यात 'जहाजावर स्केटिंगची सोय' असं एका ओळीत लिहिलंय. खाली बारीक अक्षरात जहाजाचं नाव आहे आणि ते रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या क्वांटम वर्गातलं आहे. या वर्गातल्या जहाजांवर बर्फाची रिंक नसते. एक बंदिस्त क्रीडा हॉल असतो. त्यात कधी धडकगाड्या चालतात, कधी बास्केटबॉल आणि कधी स्केटिंग. पण ते रोलर स्केटिंग! म्हणजे पाच लाख घालून, समुद्र ओलांडून नात तेच करणार जे ती सांगलीत रोज संध्याकाळी करते. टूरवाला खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला स्केटिंग म्हणजे स्केटिंग, इतकंच माहीत असावं.

बर्फाची रिंक असलेलं पहिलं प्रवासी जहाज याच कंपनीचं व्हॉयेजर ऑफ द सीज, 1999 सालचं. पुढं त्या वर्गातली बाकीची जहाजं, मग फ्रीडम आणि ओअॅसिस वर्ग आणि 2024 मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज, यांवर रिंक आहे. बर्फाखाली नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून थंड केलेलं द्रव फिरत राहतं. द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला कोल्ड स्टोरेज समजावून सांगायला नको. मुंबईहून सुटणारी क्रूझ स्वस्त पडेल असंही तुम्ही विचारलंय. ती पडेल, पण तिच्यावर बर्फ नाही.

मी स्वतः एकदा रिंक असलेल्या जहाजावर गेलोय. दारातून आत पाऊल टाकलं की चेहऱ्याला गार हवा लागते, बाहेर बत्तीस डिग्री असतानाही. एक पोरगा प्रत्येकाचे मोजे बघून मापाचे स्केट हातात देत होता, दुसरा डोक्यावर हेल्मेट बसवत होता. त्याचे वेगळे पैसे नाहीत, भाड्यातच धरलेले असतात. शोचंही तसंच, फक्त जागा आधी राखून ठेवावी लागते. पण रिंक केवढी? ऑलिंपिक मापाची रिंक 60 बाय 30 मीटर असते. जहाजावरची त्याच्या पावपटही नसते. सर्वसामान्य प्रवाशांसाठी ठरावीक तासच उघडतात, सगळे एकाच दिशेनं गोल फिरतात, जोरात पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. आमच्या वेळी एका रात्रीचा शो समुद्र खवळला म्हणून रद्द झाला होता. बर्फच हलत असेल तर हवेत तीन गिरक्या घेऊन एका पात्यावर उतरायचं कसं, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती. तरी बायकोनं आठवडाभर ऐकवलं.

हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतोय. तुमच्या पत्रात 'नातीच्या खेळाला उपयोग होईल' असं वाक्य आहे आणि त्या वाक्यावर तुम्ही पाच लाख ठेवताय. चार रात्रींत तिला बर्फावर दोन, फार तर तीन तास मिळतील. तो सराव नव्हे. तो आनंद आहे, आणि आनंदासाठी पैसे घालवायला माझी काहीच हरकत नाही. फक्त वहीत त्याला शिक्षणाच्या खात्यात लिहू नका. बर्फावर खरंच शिकायचं असेल तर डेहराडूनची हिमाद्री रिंक आहे. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ती बांधली, बरीच वर्षं बंद पडली होती आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथं आठ-दहा दिवस राहून शिकायला क्रूझच्या खर्चाचा लहानसा हिस्सा पुरेल. नातीच्या प्रशिक्षकांना विचारा. रोलरवरचा तोल कामाला येतो, पण थांबायचं तंत्र नव्यानं शिकावं लागतं, कारण बर्फावरच्या स्केटला टाचेशी किंवा पुढं ब्रेक नसतो.

आता पैशाकडं.

बचत योजनेचं खातं मोडू नका. त्यातून लागतील तेवढेच काढता येत नाहीत, खातं सगळंच बंद करावं लागतं. दोन वर्षं झालीत, म्हणजे 1 टक्का कपात, 5 हजार. ते किरकोळ. खरं नुकसान पुढचं आहे. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 10,250 रुपये येतात आणि हा दर तुमच्या खात्यापुरता पाच वर्षं पक्का आहे. उरलेल्या तीन वर्षांत 1 लाख 23 हजार होतात. शिवाय तुम्ही गावभागात राहता. 2019 च्या ऑगस्टमध्ये घरात पुराचं पाणी किती चढलं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. 2021 ला पुन्हा तीच धावपळ. बँकेत बचत खात्यात फक्त 1 लाख 80 हजार आहेत. उद्या पाणी आलं तर बचत योजनेचं हेच खातं मोडायचं आहे, त्यासाठी ते शाबूत हवं.

हप्त्याचं तर नावच काढू नका. 14 टक्क्यांनी तीन वर्षं म्हणजे महिन्याला पावणेअठरा हजार, आणि व्याजच जवळपास 1 लाख 20 हजार. नात बारावीला जाईल तरी तुम्ही नववीच्या सुट्टीचे पैसे फेडत असाल.

मग आणायचे कुठून? तुमच्याच पत्रात शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंय, 'तासगावचा माझ्या वाट्याचा बेदाणा अजून स्टोरेजमध्ये आहे, आजच्या भावानं साडेसहा लाखांचा होईल, भाव वाढेल म्हणून थांबलोय.' सर, सहलीचे पैसे हेच. हमखास 8.2 टक्के देणारं खातं मोडायचं आणि कुणालाच सांगता न येणाऱ्या भावाची वाट बघत माल ठेवायचा, हा हिशोब वर्गात एखाद्या पोरानं मांडला असता तर तुम्ही त्याला उभं केलं असतं. स्टोरेजचं भाडं चालू आहे, रंग उतरला तर भावही उतरतो. दसरा-दिवाळीच्या आधी मागणी असते, तेव्हा काढा. एकदम नको वाटलं तर दोन सौद्यांत काढा.

पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, हातात आली की आधी ऑक्टोबर छाटणीचा आणि औषधांचा तुमच्या वाट्याचा खर्च बाजूला काढा, तुम्ही सव्वा लाख म्हणताय. उरतात सव्वापाच लाख. सगळं धरून सहल याच्या आत बसवायची.

आणि कोटेशन सगळं धरून नाही. त्यावर टीसीएस वेगळा दाखवलाय, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवर टूरवाला आगाऊ घेऊन सरकारात भरतो तो कर. हा दर बजेटगणिक बदलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशी किती आहे ते विचारा. तो पैसा बुडत नाही. पेन्शन आणि व्याज मिळून तुमचं उत्पन्न सव्वासात लाख आहे, नव्या करप्रणालीत त्यावर कर पडत नाही. आयकर खात्याकडच्या जमा कराच्या विवरणात नोंद दिसली की रिटर्न भरून परत मागायचा, म्हणून बुकिंग तुमच्याच पॅनवर करा. मात्र तोवर खिशातून जातोच. जहाजावरच्या सेवकांची टिप माणशी दिवसाला 18-19 डॉलर, चौघांचे चार दिवसांचे तीनशे डॉलर होतात. ती कोटेशनमध्ये धरलीय का, हे लिहून घ्या. शिवाय विमा, सांगली-मुंबई गाडी, किनाऱ्यावरचं खाणंपिणं. म्हणजे आहे तसा बेत सहा लाखांना टेकतो.

कापायचं कुठं? सिंगापुरातल्या दोन रात्रींची एक करा. दोन केबिनऐवजी चौघांची एक घेतली तर बरीच बचत होते, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं साधारण कमी लागतं. पण सासू-सासऱ्यांबरोबर चार रात्री एका खोलीत, हे सूनबाईंना विचारल्याशिवाय ठरवू नका. मी सुचवलं असंही सांगू नका.

विमा मात्र कापू नका. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल करतो आणि तुमच्या घरी दोघांना बीपी आहे. पॉलिसीत क्रूझ स्पष्ट लिहिलेली हवी. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का तेही बघा, कारण जहाज परत येतं तेव्हा तुमचा दुसरा प्रवेश होतो.

डिपॉझिट आत्ता भरू नका. आधी रिंक असलेलं जहाज मेमध्ये कुठल्या बंदरातून सुटतंय ते शोधायला सांगा आणि नाव लेखी घ्या. सिंगापूरहून नसेल तर बेत एक वर्ष पुढं ढकला, क्वांटमवर समाधान मानू नका. पूर्ण पैसे निघण्याच्या साधारण अडीच-तीन महिने आधी भरायचे असतात, म्हणजे फेब्रुवारी. तोवर बेदाण्याची पट्टी झालेली असेल.

नातीच्या बॅगेत लांब मोजे आणि पूर्ण पायाची पँट टाका. हाफ पँटवर बर्फावर सोडत नाहीत.