अ‍ॅप राहू द्या, भिंतीवर बटण बसवा

प्रश्न असा: 'रत्नागिरीजवळ गावच्या घरी तीन कॅमेरे बसवलेत. आईवडील सत्तरीचे, त्यांना अ‍ॅप जमत नाही. सोपं अ‍ॅप कोणतं?'

अ‍ॅप बदलून काही होणार नाही. आईवडिलांना हवा तेव्हा घरातला कॅमेरा बंद करता आला पाहिजे, आणि बऱ्याच अ‍ॅपांत ती सोय सेटिंगच्या पोटात दडवलेली असते. माजघरातल्या कॅमेऱ्याचा अ‍ॅडॅप्टर वेगळ्या बटणाच्या सॉकेटवर घ्या. बटण आईचा हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर, शेजारी मराठीत 'कॅमेरा' अशी पट्टी. पडवीतल्या आणि खळ्यातल्या (अंगणातल्या) कॅमेऱ्यांची लाईन निराळी, राउटरसोबत इन्व्हर्टरवर. वायरमन हमखास म्हणतो, 'चोर आधी बटणच बंद करेल.' माजघरापर्यंत आलेला चोर पडवीच्या कॅमेऱ्यात येऊन गेलेला असतो.

गुहागरकडच्या एका घरात आजोबा दुपारी उघड्या अंगाने माजघरात आडवे व्हायचे आणि मुंबईहून मुलाचा फोन यायचा, 'बाबा, पंखा कमी करा.' चौथ्या दिवशी आजोबांनी कॅमेऱ्यावर पंचा टाकला. मुलाला वाटलं कॅमेरा बिघडला, म्हणून त्याने शेजारच्या पोराकडून रिसेट करून घेतला. तिथे खरं लफडं झालं. अ‍ॅपचं खातं कॅमेरे बसवणाऱ्याच्या नंबरवर, आणि तो नंबर बंद. रिसेटने वायफायचा पासवर्ड पुसला जातो. मालकी मात्र बऱ्याच कंपन्यांत सर्व्हरवर जुन्या खात्याकडेच राहते. नव्या फोनवरून जोडायला गेलं की 'दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे' एवढंच उत्तर. मालकी सोडवायला कंपनी बिल मागते, आणि बिल कोणी घेतलंच नव्हतं. चांगला चालणारा कॅमेरा फुकट गेला. पंचा तेवढा पहिल्यापासून नीट काम करत होता.

म्हणून खातं वडिलांच्या नंबरवर उघडा आणि तिथून तुमच्या फोनला शेअर करा. सगळे नेमकं उलट करतात. ओटीपी घरात आला पाहिजे, आणि वडिलांना वाटलं तर तुम्हाला काढून टाकता आलं पाहिजे.

फोन दिवसभर वाजतो म्हणूनही म्हातारी माणसं अ‍ॅपला कंटाळतात. सूचना फक्त 'माणूस' दिसल्यावर ठेवा, सूचनेचं क्षेत्र बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) पायरीपर्यंतच आखा, नाहीतर माडाची झावळी हलली तरी घंटी. शेजाऱ्याची विहीर किंवा न्हाणीघर चौकटीत येत असेल तर तेवढ्या भागावर प्रायव्हसी मास्क टाका, म्हणजे तो भाग चित्रात झाकला जातो, नाहीतर भांडण ठरलेलं. रात्री इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि भिंगासमोर जाळं हललं की पुन्हा सूचना. आठवड्याला एकदा कुंचा फिरवावा लागतो, त्याला इलाज नाही.

मेमरी कार्ड बाहेरच्या कॅमेऱ्यांतच घाला. दोन मेगापिक्सेलचं चित्रण एक एमबीपीएसने (सेकंदाला एक मेगाबिट) सतत चाललं तर दिवसाला साधारण 11 जीबी होतं, म्हणजे 64 जीबीचं कार्ड पाचएक दिवस पुरतं. माजघरातल्यात कार्ड नको. लिहिणं चालू असताना वीज तोडली की कार्ड खराब होऊ शकतं, आणि तिथे बटण रोज खालीवर होणार.

हां, बटण बंद असताना आई पडली तर तुम्हाला दिसणार नाही, हे खरं. त्यासाठी उशाशी बिनतारी घंटीचं बटण ठेवा आणि घंटी शेजारच्या घरात लावा. मध्ये चिऱ्याच्या भिंती असतील तर आधी वाजवून बघा. आणि दुपारी कॅमेरा ऑफलाइन दिसला म्हणून लगेच फोन करू नका. झोपली असेल ती.