सिंथ (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक वाद्य) यूएसबीने लॅपटॉपला जोडला की स्पीकरमधून चिरचिर येते. काय करावं?

हा ग्राउंड लूप. यूएसबी आणि ऑडिओ अशा दोन्ही केबलींतून ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची तार) जुळतो आणि लॅपटॉपचा गोंगाट आवाजात उतरतो. यूएसबी काढून बघा, चिरचिर थांबली तर निदान पक्कं. मग सिंथला जुनी पाच पिनांची मिडी (वाद्यांना सुरांचे संदेश पाठवण्याची पद्धत) केबल लावा. १९८३च्या या मानकात इनपुटला ऑप्टोकपलर असतो. संदेश प्रकाशातून जातो, ग्राउंड जुळतच नाही. फार सुंदर रचना आहे ती!

यूएसबी हवंच असेल तर ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाज पुढे देऊन ग्राउंड तोडणारी डबी) टाका. केबली पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. पण प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, जिवावर बेतेल.