वाइनला 'पुरुषी' किंवा 'बायकी' म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

नाशिकजवळच्या एका वायनरीत तीन वर्षं टेस्टिंग रूममध्ये वाइन ओतली आहे, त्यामुळे हे शब्द रोज कानावर पडायचे.

'पुरुषी' म्हणजे तुरटपणा जास्त, रंग गडद, अंगानं भरलेली. 'बायकी' म्हणजे तुरटपणा कमी, वास फुलांचा, घोट हलका. बस, इतकंच. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते ना? ती किती आकसली, एवढाच मुद्दा.

फ्रान्समधल्या बरगंडी भागाचं उदाहरण सगळेच देतात: जव्रे-शांबेर्तां गावाची वाइन पुरुषी, शांबोल-म्युझिन्यी गावाची बायकी. द्राक्ष दोन्हीकडे एकच, पिनो न्वार. मध्ये मोरे-सां-दनी हे एकच गाव. शांबोलच्या जमिनीत चुनखडी जास्त आणि चिकणमाती कमी, हे त्या नाजूकपणाचं मोठं कारण. पण गंमत बघा, शांबोलच्याच हद्दीत बॉन-मारचा बराचसा मळा येतो आणि त्याची वाइन 'पुरुषी' म्हणून ओळखली जाते. म्हणजे गावाचं लिंग बांधावर बदलतं!

बरं, फ्रेंचमध्ये वाइन हा शब्द पुल्लिंगी, आपल्याकडे 'ती वाइन'. त्यांचा 'तो' बायकी, आपली 'ती' पुरुषी. शिवाय मराठीत 'बायकी' हे कौतुक कधी होतं?

मला खरा राग आहे तो पुढच्या भागाचा. 'पुरुषी'च्या मागोमाग 'गंभीर', 'वीस वर्षं ठेवा' येतं. 'बायकी'मागे 'लोभस', 'लवकर संपवा'. प्रत्यक्षात त्याच 'बायकी' शांबोलमधल्या म्युझिन्यी मळ्याची वाइन कित्येक दशकं टिकते. आणि बाटलीवरचं हे लेबल माणसांनाही चिकटतं. एका रविवारी एक जोडपं आलं. बाईंनी शिराझ मागितली, म्हणजे गडद, तुरट लाल वाइन; सोबतच्या पुरुषानं शेनिन ब्लां, म्हणजे हलकी पांढरी. आमच्या सीनियरनं न विचारता शिराझ पुरुषापुढे आणि शेनिन बाईंपुढे ठेवली. दोघांनी काही न बोलता ग्लास अदलाबदल करून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात संशोधक अ‍ॅन नोबल यांनी 1980च्या दशकात वासांचं चक्र बनवलं, म्हणजे वाइनच्या वासांचे शब्द गोलात मांडलेला तक्ता. त्यात शब्द ठोस हवेत असा आग्रह होता: मिरी, गुलाब, ढोबळी मिरची. 'सुरेख', 'नखरेल' असल्या शब्दांना जागा नाही. मीही मग तसंच बोलायला लागलो. 'ही तुरट आहे, मागून मिरी लागेल. ही आंबटसर, पेरूचा वास येतोय का बघा.' कुठली ओतू, हे त्यानंतर विचारायचं, आणि ज्यानं मागितली त्याच्याच पुढ्यात ठेवायची.