पुण्याजवळच्या कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स केलाय, आता नवीन पॅराग्लायडर घेतलंय, बीडजवळच्या डोंगरावरून पहिलं उड्डाण कसं करू?

कामशेतला कोर्स झालाय आणि विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) नवी आहे, एवढ्यावर थेट डोंगर गाठू नका. आधी सपाट रान बघा. तुरीचे खुंट, पऱ्हाट्या आणि बाभळीचे काटे असतील तिथे विंग पसरूच नका, कापड फाटतं आणि दोऱ्या अडकतात. गवताळ माळ किंवा शाळेचं मोकळं मैदान बरं. तिथे संथ वाऱ्यात ती पुन्हा पुन्हा डोक्यावर उभी करा. जुन्या विंगपेक्षा ती लवकर वर येते की मागे रेंगाळते, ब्रेक (मागची कड खाली ओढणाऱ्या हातातल्या दोऱ्या) किती ओढल्यावर पकडतो, हे हातांना कळलं पाहिजे. ब्रेक पूर्ण सोडल्यावर मागची कड ताणलेली दिसत असेल, तर जाणकाराला दाखवा.

वजनही मोजा: तुम्ही, विंग, हार्नेस (बसायचं पट्ट्यांचं आसन), रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट), पाणी, सगळं मिळून विंगवर लिहिलेल्या मर्यादेत बसायला हवं.

पहिलं उड्डाण ओळखीच्या, सोप्या उतारावरून आणि प्रशिक्षक सोबत असतानाच. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी थर्मल (तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत) फार जोरकस असतात, त्यामुळे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वारा समोरून आणि एकसारखा असेल तेव्हाच निघा.

पायांचे पट्टे आधी लावा, मग छातीचा. हेल्मेट, कॅराबिनर (विंग हार्नेसला जोडणारी कडी), रिझर्व्हची पिन बघा. कोणी मध्येच बोलायला आलं तर तपासणी पहिल्यापासून करा. पायांचे पट्टे विसरून लोकांचे जीव गेलेत. विंग वर आली की नजर टाका. वाकडी किंवा गाठ दिसली तर तिथेच खाली पाडा. नीट असेल तर पळत राहा, पाय सुटायच्या आत हार्नेसमध्ये बसू नका.